हवेतला लेसर

लेसर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक तर सिनेमातली लाल रेघ येते, नाहीतर डोळ्यांचं ऑपरेशन. मी गेलं वर्षभर ज्याच्या मागे लागलो होतो, तो लेसर या दोन्हींतला नाही. तो दिसत नाही. त्यात स्फटिक नाही, डायोड नाही, आरसेसुद्धा नसले तरी चालतात. त्यात लागणारा मुख्य पदार्थ म्हणजे चक्क हवा. आपल्या वसईची, मिठागरांवरून येणारी, खारट आणि फुकट हवा.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. त्या नायट्रोजनमधून अगदी थोड्या वेळात, एकदम, जोरात वीज सोडली तर ३३७ नॅनोमीटरचा अतिनील लेसर प्रकाश बाहेर पडतो. एच. जी. हर्ड यांनी १९६३ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं. मग जून १९७४ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या हौशी मंडळींच्या सदरात, एमआयटीतल्या जेम्स स्मॉल यांनी बांधलेल्या नायट्रोजन लेसरची माहिती आली. तेव्हापासून जगभरातले उद्योगी लोक आपापल्या गॅरेजमध्ये हे करत आलेत. आमच्याकडे गॅरेज नाही. वसई पश्चिमेला वन बीएचके आहे आणि त्याला एक बंद केलेली बाल्कनी आहे. असो.

आमचा मामा (तो हे वाचणार आहे) भेटला की विचारतो, "ते ठीक आहे रे, पण याचा उपयोग काय?" त्याच्याकडे येतोच. आधी हे प्रकरण चालतं कसं ते सांगतो.

विरार फास्ट डोळ्यांसमोर आणा. गाडी खच्चून भरलीय, फलाट रिकामा आहे. एकाने उडी मारली की त्याच्या रेट्याने बाकीचे धडाधड त्याच दिशेला बाहेर पडतात. लेसर म्हणजे हेच. गाडीतले लोक म्हणजे ऊर्जा मिळालेले नायट्रोजनचे रेणू, आणि प्रत्येक उडीबरोबर थोडा प्रकाश. पण फलाट भरला की संपलं! जिना अरुंद, तो रिकामा व्हायला वेळ लागतो. नायट्रोजनचं नेमकं हेच दुखणं आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला त्याचा रेणू 'गाडीत' जेमतेम दोन-तीन नॅनोसेकंद टिकतो, आणि 'फलाट' रिकामा व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे गाडी भरायची तीही नॅनोसेकंदांत, आणि लेसर स्वतःच स्वतःला बंद करणार. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे ३० सेंटिमीटर जातो. आरशांमध्ये मागेपुढे फिरवत बसायला वेळच नसतो, म्हणून आरशांवाचून भागतं. (मागे एक लावला तर प्रकाश वाढतो, ते वेगळं.)

इतक्या घाईत वीज पोचवायची कशी? इथे ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंग्रज इंजिनियर मदतीला येतो. स्टिरिओ आवाजाचं पेटंट घेणारा तोच हा, १९४२ मध्ये रडारच्या चाचणीत विमान कोसळून अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या नावाची जोडणी फार साधी आहे. खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर प्लास्टिक, त्यावर शेजारी शेजारी फॉइलचे दोन तुकडे. दोन्ही तुकड्यांच्या आतल्या काठांवर एकेक ॲल्युमिनियमचा अँगल, समोरासमोर, मध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटरची फट. दोन्ही तुकडे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीने जोडलेले. वीज सावकाश चढते तेव्हा गुंडाळी ती जाऊ देते, दोन्ही तुकडे सारखे भरतात आणि फटीत काहीच घडत नाही. मग एका बाजूला दोन बोल्टांमध्ये ठिणगी पडते आणि तो तुकडा क्षणात रिकामा होतो. गुंडाळीला इतकी घाई झेपत नाही. दुसऱ्या तुकड्यातल्या विजेला एकच वाट उरते, फटीतल्या हवेतून.

सामान जमवायला मजा आली. फॉइल स्वयंपाकघरातली. प्लास्टिक म्हणजे पूर्वी ओएचपीवर ठेवायचे ते पारदर्शक कागद. अँगल वसई पूर्वेच्या एका गाळ्यातून, स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्याकडून. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त "नक्की काय बनवताय?" असं तीनदा विचारलं.

अडलं ते ईएचटीपाशी. ईएचटी म्हणजे जुन्या, पाठीमागे कुबड असलेल्या टीव्हीतला हजारो व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर. लॅमिंग्टन रोडला दोन फेऱ्या झाल्या. मिळाले ते एक तर जळके, नाहीतर कशाचे आहेत ते दुकानदारालाही ठाऊक नसलेले. आणि घरी माळ्यावर एक उत्तम चालू स्थितीतला ईएचटी पडून होता. बाबांच्या टीव्हीत.

बाबांनी तो हप्त्यांवर घेतला होता. एकतीस वर्षं त्यांनी विरार-चर्चगेट केलं. रात्री साडेआठला घरी आले की पांढरा शर्ट खुंटीला, चहा हातात आणि समोर बातम्या. ते जाऊन तीन वर्षं झाली. भंगारवाला दोनदा आला आणि आईने दोनदा त्याला परत पाठवलं. मी विचारलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "घे तो. वर नुसता धूळ खातोय."

खरं सांगतो, घे म्हटल्यावर जास्त जड गेलं. टीव्ही एकदा उघडून ईएचटी काढला की तो पुन्हा टीव्ही होणार नव्हता. आणि लेसर होईलच याची खात्री कुठे होती? झाला नसता तर बाबांची वस्तू मोडली आणि हाती काही लागलं नाही, एवढंच उरलं असतं. मी आणखी एक आठवडा घालवला आणि मग पाना-पेचकस घेऊन बसलो. आई बाजारात गेली होती. मुद्दाम गेली असावी.

सौ.चे नियम वेगळे. एकट्याने चालू करायचं नाही. लेक दाराच्या बाहेर. पायाखाली रबराची चटई, एक हात कायम पाठीमागे. बंद केल्यावर लांब प्लास्टिकच्या दांड्याला लावलेल्या तारेने उरलेली वीज जमिनीत उतरवायची आणि मगच जवळ जायचं. डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा, कारण न दिसणाऱ्या प्रकाशापुढे पापणीही मिटत नाही. हे नियम मी इथे मुद्दाम लिहितोय. ही वीज जीव घेऊ शकते. कुणाला नुसतं वाचून करावंसं वाटलं, तर जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय हात लावू नका.

पावसाळा वाया गेला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पापडसुद्धा कुरकुरीत राहत नाहीत, तिथे दहा-बारा हजार व्होल्ट कुठून राहणार? ओलसर प्लास्टिकवरून वीज गळायची, नुसता सूं आवाज आणि ओझोनचा उग्र वास. डिसेंबरात हवा कोरडी झाली तेव्हा पहिल्यांदा टाळ्या वाजल्यासारखा कडकडाट झाला. पण फटीत एकाच जागी जाड ठिणगी पडत होती. तिचा उपयोग नाही. अख्ख्या लांबीवर जांभळा पडदा दिसायला हवा. मग बंद करा, वीज उतरवा, अँगल केसभर सरकवा, पुन्हा चालू करा... असे कितीतरी रविवार.

हवेतला ऑक्सिजन या कामात खोडा घालतो. त्यावर उपाय हायवेवर सापडला. टायरवाल्याकडे नायट्रोजन भरून मिळतो! स्कूटरची जुनी ट्यूब त्याच्यापुढे धरली. "गाडी कुठाय?" म्हणाला. ती ट्यूब गळ्यात अडकवून मी घरी आलो :)

त्या रात्री दिवे घालवले, ट्यूबमधला नायट्रोजन फटीत हळूहळू सोडला आणि खटका दाबला. समोर धरलेल्या पांढऱ्या कागदावर छोटा निळा ठिपका उमटला. कागद दोन हात मागे नेला, तरी ठिपका तिथेच, फारसा न पसरता. लेक दाराच्या फटीतून ओरडली, "बाबा, आला!"

हा निळा रंग लेसरचा नाही. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात एक रसायन घालतात, ते अतिनील प्रकाश पिऊन निळा प्रकाश सोडतं. राणीपालमध्येही त्याच जातीचं रसायन असायचं. हे मी लेकीला समजावत होतो. आई मागे उभी होती. ती आत गेली, कपाटातून बाबांचा एक पांढरा शर्ट घेऊन आली आणि काही न बोलता कागदाच्या जागी लावायला दिला. ठिपका कागदावरच्यापेक्षा लख्ख उठला.

"इतकी वर्षं हाताने घातलंय," आई म्हणाली. "उठणारच."

मग बराच वेळ कुणीच दिवा लावला नाही.

तर मामा, उपयोग. इंदूरला, डॉ. भवाळकर ज्याचे संस्थापक संचालक होते त्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात नायट्रोजन लेसर तयार झाले आणि ते क्षयरोगाच्या उपचारातही वापरून पाहिले गेले. जपानच्या कोइची तानाकांनी अशाच लेसरने प्रथिनांचे मोठे रेणू न मोडता मोजण्याजोगे केले आणि २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. हे त्या लेसरांचे उपयोग. माझ्या बाल्कनीतला लेसर असलं काही करत नाही. तो कागदावर एक ठिपका पाडतो. पण माळ्यावरची जी वस्तू आम्हाला टाकवत नव्हती आणि बघवतही नव्हती, ती आता खाली आलीय, रविवारी चालते, आणि तिच्याबद्दल घरात बोललं जातं. मला एवढा पुरे.

पावसात तो झाकून ठेवलेला असतो. कुणाला बघायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत वसईला या. येताना पांढरा रुमाल आणा, घरी धुतलेला.