धरणी हलते तेव्हा : स्वीकार म्हणजे नक्की काय?



'जे आहे ते स्वीकारा' हे वाक्य हल्ली तुमच्या कानावर सारखं पडत असेल. समुपदेशक सांगतात, मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात, कमी गुण पडले की शेजारच्या काकूही सांगतात. पण स्वीकारायचं म्हणजे करायचं काय? गप्प बसायचं? आमच्या डहाणू-तलासरीत हा प्रश्न पुस्तकातून आला नाही, जमिनीखालून आला.

नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. बहुतेक लहानच, पण एकामागून एक. 1 फेब्रुवारी 2019 ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा 4.1 रिश्टरचा. त्या दिवशी घाबरून पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. ऐन थंडीत लोक तंबूत झोपायला लागले, काही शाळा उघड्यावर भरल्या. मुलं रोज एकच विचारायची, "सर, आता परत कधी येणार?" भूकंप नेमका कधी येणार हे जगातला कुठलाच शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. मीही तेच सांगायचो. पण या उत्तराने मुलाला झोप लागते थोडीच!

आता जरा लांब जाऊ. इ.स. 62 च्या सुमारास इटलीत पाँपेई नगरीला मोठा भूकंप झाला. रोममधला सेनेका हा विचारवंत तेव्हा निसर्गावर ग्रंथ लिहीत होता, त्यातला एक अख्खा भाग त्याने भूकंपावर लिहिला. शत्रू आला तर तटबंदीआड लपता येतं, वादळात बंदर गाठता येतं, पण पायाखालची जमीनच हलली तर जायचं कुठे, अशी त्याची सुरुवात आहे. भूकंपात सहाशे मेंढ्यांचा कळप मेल्याची नोंदही तो करतो. लोक तो मुलूख सोडून चालले होते. सेनेका म्हणतो, पळून जाल कुठे? कुठलीच जमीन कायमची स्थिर नाही. आणि भीती कमी करायची तर कारण समजून घ्या. जमिनीत कोंडलेली हवा हे त्याने मानलेलं कारण आज चुकीचं ठरलंय, पण कारण शोधायची त्याची वाट बरोबर होती. आमच्याकडेही हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यंत्रं बसवली. भेगाळलेल्या खडकात मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याचा या धक्क्यांशी संबंध असावा, असं मत पुढे आलं. हे फळ्यावर काढून दाखवलं की मुलं खूप प्रश्न विचारायची. प्रश्न विचारणारं मूल थरथरत नाही, हे मी पाहिलंय.

सेनेका स्टोइक पंथाचा. हा पंथ इ.स.पूर्व 300 च्या सुमारास अथेन्समध्ये झेनोने सुरू केला. तो एका चित्रं काढलेल्या ओसरीत शिकवायचा. ओसरीला ग्रीकमध्ये 'स्टोआ' म्हणतात, त्यावरून हे नाव. पुढे याच पंथात एपिक्टेटस झाला. तो जन्माने गुलाम होता, पायाने अधू होता. त्याची मुख्य शिकवण अशी की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आणि आधी ही वाटणी नीट करा. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती उभी केली, तिचं मूळ त्यांनी एपिक्टेटसच्या विचारात असल्याचं सांगितलं. ती मराठीत आणण्याचं मोठं काम डॉ. कि. मो. फडके यांनी केलं. म्हणजे आज समुपदेशक जे सांगतात, त्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गुलामाचा वाटा आहे.

इथे मात्र मला थांबावंसं वाटतं. वाटणी करायची हे ठीक, पण ती करणार कोण?

आमच्या याच भागात वारली माणसांनी पिढ्यान् पिढ्या वेठबिगारी केली. लग्नासाठी चार पैसे कर्ज काढलं की माणूस सावकाराकडे 'लग्नगडी' व्हायचा, बायकोसकट राबायचा. तेव्हा कुणी म्हणालं असतं, हे आपल्या हातात नाही, स्वीकारा, तर? मे 1945 मध्ये झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा लिहिलाय. मोठ्या मुलांनो, ते जरूर वाचा. एपिक्टेटसने गुलामाला मनाने मोकळं राहायला शिकवलं, पण गुलामगिरी बंद करा असं स्टोइकांनी म्हटलं नाही. वारल्यांनी ते म्हटलं आणि करून दाखवलं. मला तर हा धडा ग्रीकांच्या धड्यापेक्षा मोठा वाटतो, भले तो आपल्या मातीतला म्हणून असेल.

भूकंपाचंही तसंच. धक्का आपल्या हातात नाही. पण भिंत? कारवीच्या कुडाचं हलकं घर डुलतं, पण विटा नीट न बांधलेली जड भिंत अंगावर येते. कपाट भिंतीला पक्कं करणं, दाराची वाट मोकळी ठेवणं, पक्क्या बांधकामासाठी ग्रामसभेत उठून बोलणं, हे सगळं हातातलं आहे. 'निसर्गापुढे कुणाचं चालतं' असं म्हणून ते सोडून दिलं, तर त्याला स्वीकार नाही म्हणत, त्याला टाळाटाळ म्हणतात.

मी सातवीच्या वर्गाला एक उपक्रम देतो. तुम्हीही करून बघा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे हातात नसलेलं, उजवीकडे हातात असलेलं. बहुतेक मुलं पटापट लिहितात : पाऊस, भूकंप डावीकडे, अभ्यास, दप्तर उजवीकडे. एका मुलीने 'दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणं' आधी डावीकडे लिहिलं. मग खोडलं. मग बराच वेळ पेन्सिल तोंडात धरून बसली आणि शेवटी तिने ते बरोबर रेघेवर लिहिलं. मी विचारलं, "असं का गं?" ती म्हणाली, "आई-बाबांचं जाणं डावीकडं, सर. पण माझं मागं राहणं... आजीला विचारून सांगते."