सराफ्यातील कसोटी

इंदूरचा सराफा हा दोन पाळ्यांत जगणारा बाजार आहे. राजवाड्यालगतच्या या गल्लीत दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्या बंद झाल्या, की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, दहीवडे, जिलब्या आणि हिवाळ्यात गराडू यांची जत्रा भरते. पाहुण्यांना आम्ही इंदूरकर तो रात्रीचा दाखवितो. ज्या घरी बारावीनंतरच्या शिक्षणाचा खल चालू असेल, त्या घरच्या मंडळींनी मात्र तो दिवसाही पाहावा, असे आम्हांस वाटते.

आमच्या भाचीने आनुवंशिकी, म्हणजेच जेनेटिक्स, शिकण्याचा निश्चय केला आहे. घरात मिळवते एकटे तिचे वडील. धाकट्या मुलाचे शिक्षण अद्याप व्हावयाचे आहे. अशात ‘जेनेटिक्स’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेली, जबर शुल्काची एक जाहिरात तिच्या हाती आली, आणि कर्ज काढावे की काढू नये, या विचाराने घराची झोप उडाली. ‘हे शिकून पोर पुढे करणार काय?’ हा आजींचा प्रश्न तर होताच.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर फार दूर शोधावयास नको. ज्या मक्याचा कीस आपण चवीने खातो, त्याच मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांचा अभ्यास करून बार्बारा मॅक्लिन्टॉक या अमेरिकन विदुषीने जनुके आपली जागा बदलू शकतात हे दाखविले. त्याबद्दल १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इंदुरातही १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली कापसाच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली. तिच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. झाबुआ-अलीराजपूरच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारांत एक असते. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथूनच सुरू झाली. या शास्त्राला काम नाही, असे कोण म्हणेल?

राहिला विद्यापीठाचा प्रश्न. सराफ जुना दागिना घेताना त्याच्या चकाकीवर भाळत नाही. तो काळ्या दगडावर त्याची रेघ ओढतो, तिला तेजाब लावतो आणि उरलेली रेघ ठाऊक कसाच्या सोन्याशी ताडून पाहतो. पदवीचीही अशीच पारख करावी. रसायनशास्त्र, गणित व संख्याशास्त्र यांचा पाया तेथे पक्का होतो काय? आठवड्यातून किती तास विद्यार्थी स्वतःच्या हाताने प्रयोग करतो? मागील विद्यार्थी पुढे कोठे पोहोचले?

वाटा अनेक आहेत. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी. एस्सी.ला जेनेटिक्स हा तीन विषयांपैकी एक घेता येतो. पुणे (२००६) व भोपाळ (२००८) येथील आयसर संस्थांत पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. तेथे आरंभी सर्व मूलशास्त्रे शिकून मग जीवशास्त्राकडे वळता येते. कृषी पदवीच्या चार वर्षांत पीकप्रजनन व आनुवंशिकी हे विषय असतातच. आणि घराजवळ १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय आहे. तेथून बी. एस्सी. होऊन आनुवंशिकी एम. एस्सी.ला घेणे, हाही राजमार्गच होय. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पहिल्या पदवीवर विषयाचे नाव नसले, म्हणून विद्या हुकत नाही.

भाची आयसरची प्रवेशपरीक्षा देणार आहे. तेथे न जमल्यास होळकर महाविद्यालयात जाईल. जाहिरातवाल्या संस्थेस आम्ही वरील तीन प्रश्न पत्राने विचारले आहेत. समाधानकारक उत्तर येईपर्यंत एक रुपयाही भरू नये, असे तिच्या वडिलांना सांगितले आहे. आजींनी मात्र बोळवणीच्या लाडवांसाठी डबा घासून ठेवला आहे.