थांबवायची दोरी

पश्चिमोत्तानासनात समोरच्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आणखी पुढे दाबणं ही योगवर्गांतली इतकी रुळलेली गोष्ट आहे, की ती करताना मला कधी काही खटकलंच नाही. शिकत असताना माझ्या पाठीवरही तसेच हात आले होते. कपाळ गुडघ्याला टेकलं की सर "सुंदर!" म्हणायचे. त्या एका शब्दासाठी मी बैठकीच्या हाडापाशी, मांडीच्या मागचे स्नायू जिथे हाडाला जोडलेले असतात तिथे, दुखणं करून घेतलं आणि ऑफिसच्या खुर्चीत कित्येक महिने एका कुशीवर कलून बसले. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी नक्की ऐकलं असतं, माणूस तसा होता. पण आपल्याला जमत नाही असं दिसेल, या भीतीने मी गप्प राहिले. पुढे मी शिकवायला लागले, तोच हात दुसऱ्यांच्या पाठीवर ठेवू लागले. माझ्या वर्गातही कोणी दुखतंय म्हणेना. त्यावरून मी समजून चालले की कोणाचं काही दुखत नाही.

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. गाड्यांचे सुटे भाग बनतात आमच्याकडे. चाळिशी उलटल्यावर शनिवार-रविवारचा योगशिक्षक अभ्यासक्रम केला, तो मनापासून केला. पहाटे जलनेती, मग आसनं, दुपारी शरीरशास्त्र आणि योगसूत्रं, संध्याकाळी एकमेकांवर पाठ घेण्याचा सराव. परीक्षेत लेखी, प्रात्यक्षिक, तोंडी आणि पाठ अशी विभागणी होती. पाठात मला सर्वांत चांगले गुण पडले. आवाज खालच्या पट्टीत, सूचना सुटसुटीत, "श्वास घेत घेत हात वर, श्वास सोडत सोडत पुढे" ही लय अचूक. यमांमध्ये अहिंसा पहिली का, यावर मी दीड पान लिहिलं होतं. समोरच्या माणसाकडे पाहता येतं का, त्याचा चेहरा आवळला, श्वास अडकला, खांदे कानांकडे चढले तर ते टिपता येतं का, याला स्वतंत्र गुण नव्हते. पण हा दोष मी अभ्यासक्रमावर ढकलणार नाही. बघणं हेच तर माझं पोटापाण्याचं काम होतं. कारखान्यात मायक्रॉनचा फरक पकडणारी मी, वर्गात माणसांऐवजी माझा आवाज ऐकत होते.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग सुरू केला. येणाऱ्या बहुतेक साठीच्या आसपासच्या बायका. त्यांतल्या एक काकू सगळ्यांत नियमित. सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरायच्या, चष्मा काढून डबीत ठेवायच्या आणि डबी सतरंजीच्या उजव्या कोपऱ्यात सरळ रेषेत मांडायच्या. वर्ग सुटल्यावर दोन शब्द बोलायच्या. अशाच एकदा म्हणाल्या, मागच्या वर्षी बाथरूममध्ये नुसता हात टेकला तर मनगट मोडलं, महिनाभर प्लास्टर होतं. मी म्हटलं, "बरं, डावा होता म्हणून निभावलं." आणखी एकदा म्हणाल्या की सगळ्या साड्या हल्ली लांब होताहेत, निऱ्या खोचून खोचून कंटाळा येतो. मी हसले. योगशिक्षिकेच्या कानावर एखादी बाई दोन वेळा आपली हाडं ठिसूळ झाल्याचं घालते आणि शिक्षिका त्यातलं एकही ऐकत नाही! साध्या पडण्याने मनगट मोडणं आणि उंची कमी होणं ही ऑस्टिओपोरोसिसची अगदी पाठ्यपुस्तकातली लक्षणं. माझ्या नोंदणीच्या फॉर्मवर रक्तदाब, साखर, हृदयविकार, शस्त्रक्रिया हे रकाने होते. तो फॉर्म मी शिकताना मिळाला तसाच उतरवून घेतला होता. हाडांबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

त्या सकाळी काकू पश्चिमोत्तानासनात अर्ध्यावर थांबल्या होत्या. मी मागे जाऊन बसले, दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर ठेवले आणि म्हटलं, "काकू, सोडा, अजून थोडं सोडा, मी आहे ना." तळव्याखाली पाठ आधी ताठ झाली, मग एकदम सैल पडली. त्यांच्या तोंडून "हं" असा बारीक आवाज निघाला. मला वाटलं, शिथिल झाल्या. शवासनात त्या पाठीवर न झोपता कुशीवर वळल्या. तेही मी पाहिलं आणि पुढच्या सूचना देत राहिले.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. सूनबाईंचा फोन आला. एक्स-रेत कमरेच्या वरच्या अंगाचा एक मणका पुढच्या बाजूने दबलेला होता. डॉक्टर म्हणाले, हाडं इतकी पोकळ झालीत की जोराची शिंक येऊनही असं होऊ शकलं असतं, बादली उचलतानाही. घरच्यांनी मला हे धीर देण्यासाठी सांगितलं. मणका माझ्याच हाताखाली दबला की आधीपासून दबत आला होता, हे ठरवायला काही साधन नाही. मी बराच काळ त्या शिंकेचा आधार घेत राहिले. विचारणाऱ्याला सांगायचे, वयोमानाने झालं.

हा आधार सुटला तो वाचायला बसले तेव्हा. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ झालेल्या 59 स्त्रियांवरचा मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचा एक अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले, त्यांच्यातल्या 16 टक्के जणींना मणके दबण्याचा नवा त्रास झाला. ज्यांना पुढे वाकण्याचे दिले, त्यांच्यातल्या 89 टक्के जणींना. अभ्यास लहान आहे, त्यावरून प्रत्येक बाईचं भविष्य सांगता येणार नाही. पण ज्या पाठीबद्दल काहीच माहीत नाही तिला पुढे दाबू नये, एवढं कळायला तो पुरेसा होता आणि मी शिकवायला लागले त्याच्या कितीतरी आधी तो छापून झाला होता.

मला जास्त लागलं ते वेगळंच. लोणावळ्याला कैवल्यधाम 1924 साली सुरू झालं. स्वामी कुवलयानंदांनी त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं आणि उड्डियान, नौली करताना पोटात नेमकं काय घडतं ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासायला घेतलं. नौलीत आतड्यात निर्वात तयार होतो हे मोजून दाखवल्यावर त्याला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. गुरूवर निष्ठा आणि हातात मोजमाप, दोन्ही एकाच माणसाकडे. पुण्याला बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, दोर, पाठ काढलेल्या खुर्च्या वर्गात आणल्या आणि ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही त्याच्यापर्यंत आसन नेलं. हे सगळं माझ्या घरापासून काही तासांच्या अंतरावर घडलेलं. परीक्षेत मी या दोघांवर टिपा लिहिल्या होत्या. आणि माझ्या वर्गात हॉलच्या खुर्च्या भिंतीला थप्पी लावून ठेवलेल्या असायच्या, कारण खुर्ची मागणं म्हणजे हार मानणं असं मी शब्दांनी नाही तरी सुरातून सगळ्यांना शिकवलं होतं.

याच काळात कंपनीत नेतृत्वविकासाचा कार्यक्रम आला. विभागप्रमुखांनी 'माइंडफुल लीडर' व्हावं अशी वरून इच्छा होती. मी योगशिक्षिका, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी रोजच्या सकाळच्या मीटिंगची सुरुवात पाच मिनिटं डोळे मिटून बसण्याने करायला लागले. दिवे मंद करायचे, सगळ्यांना पावलांपासून कपाळापर्यंत लक्ष फिरवायला सांगायचे. मग दिवे लावून आदल्या दिवशीचं रिजेक्शन आणि ग्राहकाच्या तक्रारी. कामाचा बोजा तोच, महिनाअखेरीची ओढाताण तीच. फक्त ती मी आता शांत आवाजात लादत होते. आधी मी चिडायचे तेव्हा निदान लोक वाद तरी घालायचे. माझा आवाज मऊ झाल्यावर तेही बंद झालं आणि त्याला मी विभागात शांतता आली असं म्हणत होते.

विभागातल्या एका तरुण इंजिनिअरने अचानक दुसरी शिफ्ट मागितली. अर्जात 'घरगुती कारण' होतं, मी सही केली. सकाळच्या मीटिंगला दुसऱ्या शिफ्टचे लोक नसतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. काही महिन्यांनी आमच्या जुन्या सुपरवायझरनी, मला एकटीला गाठून, सांगितलं. म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. त्याचे वडील त्याच्या डोळ्यांदेखत गेले. डोळे मिटले की त्याला तेच दिसतं. छातीत धडधडतं, घाम फुटतो. तुमच्यासमोर उठून कसा जाणार तो?"

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला, तो डॉक्टरांनी पाठवलेल्या, जुन्या दुखण्यांनी गांजलेल्या माणसांसाठी होता. तिथे लोक आपणहून नाव नोंदवत. माझ्या मीटिंगमध्ये बसलेल्यांची वार्षिक पगारवाढ माझ्या हातात होती. ध्यानात काहींना भीती, जुन्या आठवणींचा मारा, झोप उडणं असे अनुभव येतात यावर ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी सविस्तर लिहिलं आहे. ते न वाचताही एक गोष्ट मला कळायला हवी होती: साहेबाने डोळे मिटा म्हटल्यावर ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्याकडून करून घेतलेलं ध्यान ही एक ड्यूटी आहे.

आमच्या लाइनवर प्रत्येक ऑपरेटरच्या डोक्यावरून एक पिवळी दोरी जाते. टोयोटाने रूढ केलेली ही पद्धत. माल खराब येतोय अशी नुसती शंका आली तरी सगळ्यांत नवखा मुलगाही ती ओढून लाइन थांबवू शकतो, आणि ओढली म्हणून त्याला कोणी रागवायचं नाही. दर नव्या बॅचला हे मीच समजावते. ज्या लाइनवर दोरी कधीच ओढली जात नाही तिथे जाऊन आधी बघा, माणसं घाबरलेली असतील, असंही सांगते. आणि माझ्या वर्गात, माझ्या मीटिंगमध्ये कोणीच कधी काही थांबवलं नाही, तेव्हा मला ते माझ्या शिकवण्याचं यश वाटलं.

काकूंकडे मी फार उशिरा गेले. पट्टा बांधून पलंगावर टेकून बसल्या होत्या. शिंकेचं कारण बाजूला ठेवून मी त्यांना सरळ सांगितलं की मी दाबायला नको होतं, आणि मनगटाचं बोललात तेव्हाच मी थांबून विचारायला हवं होतं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुखलं होतं गं तेव्हाच. पण तू इतक्या मायेने सांगत होतीस, म्हटलं हिला वाईट वाटेल." कडक शिक्षकाला माणूस निदान मनातल्या मनात विरोध करतो. माझ्या गोडव्याने काकूंची तीही सोय काढून घेतली होती. यावर त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. त्यांनी चहा केल्याशिवाय जाऊ दिलं नाही, सुनेकडून करवला. वर्गाला त्या परत आल्या नाहीत. सकाळी बागेत चालताना दिसतात, आम्ही बोलतो.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. साठीच्या वरच्या सगळ्यांना खुर्चीत बसवलं, वाकणं बंद, वळणं बंद. एका निवृत्त शिक्षिकेने वर्गातच सुनावलं, "तपासा आम्हाला, पण आजारी समजू नका." बरोबर होतं त्यांचं. हाडांना भार लागतोच, पाठीचे स्नायू भक्कम व्हावे लागतात. भुजंगासन, शलभासन, भिंतीला धरून वृक्षासन यांतून त्यांना मिळण्यासारखं खूप होतं, आणि माझ्या घाबरण्यामुळे ते बंद पडलं होतं. आता नव्या माणसाशी मी आधी निवांत बोलते. पडलात का कधी, उंची घटली का, डोळ्यांत काचबिंदू आहे का, आधीचे रिपोर्ट आहेत का. हाडांची तपासणी करून या म्हटलं की काहीजणी दुखावतात, दुसऱ्या वर्गाला जातात. हात लावायचा तर आधी विचारते, आणि "चालेल" हे उत्तर चेहऱ्याशी ताडून बघते. तरी चुकतं. परवाच एकीचा श्वास अडकलेला मला शेजारणीने दाखवला.

कंपनीत डोळे मिटणं बंद केलं. ज्यांना हवं ते जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर बसतात. मी तिथे जात नाही, म्हणजे कोण आलं, कोण नाही हे मला कळत नाही. त्या मुलाशी बोलले, त्याची माफी मागितली. तो दुसऱ्या शिफ्टलाच राहिला, म्हणाला तेच बरं पडतं. मीटिंगच्या सुरुवातीला आता मी विचारते, या आठवड्यात कोणतं काम बंद करता येईल? पहिले बरेच आठवडे सगळे टेबलाकडे बघत बसायचे. मग एकदा स्टोअरमधला क्लार्क म्हणाला, "मॅडम, शनिवारचा रिपोर्ट. तो बनवायला दोघांचा अर्धा दिवस जातो आणि तो कोणी वाचत नाही." तो रिपोर्ट मी सुरू केला होता आणि दर रविवारी मी तो वाचत होते. गळ्यापर्यंत आलेलं उत्तर गिळलं, त्याला विचारलं की त्यातले कोणते आकडे खरंच लागतात. त्याने दोन सांगितले. ते फळ्यावर लिहायचं ठरलं आणि त्या शनिवारपासून रिपोर्ट बंद झाला.