बिनसावलीची दुपार

निसर्गचित्राला सकाळी नवाच्या आत बसावं, नाहीतर दुपारी चारनंतर, असं आम्हाला शिकवलं होतं. तेव्हा सावल्या लांब पडतात, आकारांना उठाव येतो. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर मी वर्षानुवर्षं हा नियम पाळला. अकरा वाजले की रंगपेटी बंद.

मग एका वर्षी ऑक्टोबरअखेर लंडनला गेलो. हॅम्पस्टेडच्या माळावर ऐन बाराला कागद ताणला, तर झाडांच्या सावल्या आपल्याकडच्या चारच्या सावल्यांसारख्या गवतावर पसरलेल्या! त्या दिवसांत तिथला सूर्य माध्यान्हीलाही तीस अंशांवर चढत नाही. हवा दमट, पातळ रंगाचा वॉश बराच वेळ ओला राहतो, रंग सावकाश एकमेकांत उतरतात. पुढे नॅशनल गॅलरीत इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलचं 1821 चं ‘द हे वेन’ पाहिलं. माझ्या पेटीतला सॅप ग्रीन कुठल्या मातीतला, हे तिथे कळलं. मी देशावरच्या उन्हात कुणा दुसऱ्याची संध्याकाळ शोधत होतो.

कॉन्स्टेबल कधी इंग्लंडबाहेर गेला नाही. सफकमधली आपली स्टूर नदीच त्याने पुन्हा पुन्हा रंगवली. याच हॅम्पस्टेडवर त्याने ढगांचे अभ्यास केले आणि त्यांतल्या कित्येकांच्या पाठीवर तारीख, वेळ, वारा टिपून ठेवला.

परतल्यावर मे महिन्यात भर दुपारी मेणवलीला बसलो. वाई अठरा अक्षांशाच्या आसपास; मेच्या मध्याला सूर्य थेट माथ्यावर येतो. झाडाची सावली बुंध्याशी गोळा झालेली. घाटाच्या पायऱ्या पांढऱ्याफटक, एकसारख्या. सावलीने आकार उभा करण्याची सोयच नव्हती. टक लावून पाहत राहिलो, तेव्हा दिसलं की उजेड खालूनही येतोय. तापलेल्या दगडावरून उसळलेलं ऊन देवळाच्या कोनाड्यात, फांद्यांच्या पोटाशी पिवळसर तांबूस होऊन बसलं होतं. इतकी वर्षं मी जिथे काळपट छटा भरत आलो, तिथेच सगळ्यात ऊबदार रंग होता.

सॅप ग्रीन बाजूला ठेवला. वाळल्या गवताला रॉ सिएना, पांडवगडाच्या आडव्या कातळपट्ट्यांना जांभळट करडा. वॉश क्षणात सुकत होता. मग रंग मिसळायचा हट्ट सोडला आणि कोरड्या कडांचे फटकारे शेजारी शेजारी ठेवत गेलो.

चित्र झाल्यावर कागद उलटला आणि पेन्सिलीने लिहिलं: मेणवली, दुपारी साडेबारा, वारा पडलेला, सावली नाही.