सेटलिंग टाइम

कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणजे माणसांनी बिऱ्हाड हलवलं की कुत्रं मागोमाग येतं आणि मांजर मात्र रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर बसून राहतं. पण हे म्हणणाऱ्यांच्या वेळी घरं तरी जागेवर असायची! पुण्याच्या पेठांमध्ये आता घरच राहत नाही. वाडा उतरतो, भोवती पत्रे लागतात, पत्र्यांवर नव्या बिल्डिंगचं चकचकीत चित्र लागतं. भाडेकरू कोणी सिंहगड रोडला, कोणी वारज्याला, कोणी मुलाकडे बंगलोरला. मग जे मांजर ‘घराचं’ होतं ते नेमकं कोणाचं?

सदाशिव पेठेतल्या अशाच एका वाड्यातली मनी २०२५ च्या आषाढात आमच्याकडे कर्वेनगरला आली. ती माईंची. माई म्हणजे माझ्या आजीची मैत्रीण, पण आम्ही सगळेच त्यांना माई म्हणतो. वाडा उतरवायचं ठरलं तेव्हा त्यांना भाड्याची जागा मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर आणि ‘मांजर चालणार नाही’ या अटीवर. मनी तेव्हा चार वर्षांची. वाड्याचा चौक, जिना आणि शेजारच्यांची कौलं एवढंच तिचं विश्व. माईंनी तिची स्टीलची ताटली, तिच्या अंथरुणाचा जुन्या पातळाचा तुकडा आणि एक सूचना माझ्या हातात दिली. “तिला उचलायला जाऊ नकोस हो बाळ. ती आपणहून येईल.”

झाकणाच्या वेताच्या टोपलीत घालून आम्ही तिला रिक्षाने आणलं. म्हात्रे पूल येईपर्यंत ती इतकी ओरडली, की रिक्षावाले काका आरशात बघून म्हणाले, “ताई, लोक मांजर आडवं गेलं तरी थांबतात, तुम्ही तर शेजारी बसवून चाललाय!” घरी पोचल्यावर टोपलीचं झाकण उघडलं. एक करडी रेघ माझ्या खोलीत शिरली आणि गोदरेजच्या कपाटामागे नाहीशी झाली. त्यानंतर आमच्या घरात मांजर आलंय हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं, फक्त मांजर कोणाला दिसत नव्हतं.

मग सुरू झाली काळजी करणाऱ्यांची रांग. खालच्या मजल्यावरची दोन पोरं टॉर्च घेऊन आली. शेजारच्या काकू वाटीभर दूध घेऊन आल्या आणि ‘म्याँव म्याँव’ करत पंधरा मिनिटं कपाटापाशी बसल्या. धाकट्या भावाचं म्हणणं, झाडूने हळूच ढकललं की येईल बाहेर, एकदा बाहेर आली की भीती मोडेल. सगळ्यांचा हेतू चांगला होता हो. पण मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि दारावर कागद चिकटवला : ‘प्रवेश बंद. सिस्टिम सेटल होत आहे.’

ज्यांना कंट्रोल सिस्टिम्स हा विषय आहे (आणि ज्यांचा तो अजून राहिलाय!) त्यांना वेगळं सांगायला नको. सिस्टिमला एक स्टेप इनपुट दिला की आउटपुट आधी वरखाली उसळ्या मारतं आणि मग हळूहळू शेवटच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या पट्ट्यात येऊन तिथेच राहतं. त्याला लागणारा वेळ म्हणजे सेटलिंग टाइम. चार भागिले झीटा ओमेगा-एन, व्हायवात हमखास विचारतात. पण ते सूत्र काढताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की एकदा इनपुट दिल्यावर तुम्ही सिस्टिमला हात लावणार नाही. दर दोन तासांनी टॉर्च, दूध आणि झाडू असे नवे इनपुट देत राहिलात तर ती सेटल कशी होणार? आपण मात्र म्हणणार, “फारच घाबरट आहे बुवा हे मांजर!”

हॉस्टेलवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. पहिल्या आठवड्यात एखादा मुलगा मेसला येत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्याला ‘मोकळं करायचं’ म्हणून कोणीतरी ‘इंट्रो’ घ्यायला उठवतं. महाराष्ट्रात १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला तो उघडउघड छळासाठी. पण ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणून जे चालतं त्याला कायदा कुठवर पुरणार? असो, विषय मांजराचा आहे.

माणसाला साधारण वीस किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराला साठ किलोहर्ट्‌झच्याही वरचे येतात. शिवाय त्याचं जग बरंचसं वासाचं. गाल घासून घासून ते दाराच्या चौकटीवर, टेबलाच्या पायावर आपला वास लावून ठेवतं, आणि तो वास आला की त्याला कळतं की ही जागा आपली. आमच्या घरात मनीच्या वासाची एकही वस्तू नव्हती, एक माईंच्या पातळाचा तुकडा सोडला तर. तो मी मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात अंथरला, खोकं आडवं करून कपाटाच्या शेजारी, भिंतीकडे ठेवलं आणि पाणी, ताटली, मातीचा ट्रे सगळं त्याच खोलीत पण लांब लांब ठेवलं. पूर्ण घर तिला एकदम दाखवायचं नाही. एक खोली पुरे.

खोक्याची युक्ती ऐकीव नाही. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्राण्यांच्या एका आश्रयस्थानात नव्याने आलेल्या एकोणीस मांजरांवर हाच प्रयोग केला होता. दहा जणांना लपायला खोकं दिलं, नऊ जणांना दिलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच खोकंवाल्यांवरचा ताण बिनखोकंवाल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसला. लपू दिलं की लवकर बाहेर येतात! हे वाचल्यावर मी धाकट्या भावाचा झाडू जप्त केला.

पण खरा घोर वेगळाच होता. मनी जेवेना. पहिला दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस गेला. ताटली तशीच. आजी म्हणाली, “भूक लागली की खाईल, जाते कुठे.” मलाही तेच वाटलं असतं, पण जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते एकदम गंभीर झाले. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर निभावतं, मांजराचं तसं नसतं. त्याने खाणं सोडलं की शरीरातली चरबी यकृतात येऊन साठायला लागते, आणि दोन-तीन दिवसांत यकृतच कामातून जाऊ शकतं. त्यातून मांजर गुबगुबीत असेल तर धोका जास्त, आणि माईंच्या दूध-पोळीवर आमच्या मनीबाई चांगल्या बाळसेदार झालेल्या. डॉक्टर म्हणाले, “उद्या सकाळपर्यंत काही खाल्लं नाही तर घेऊन या.” घेऊन या म्हणजे पुन्हा ओढून काढणं, पुन्हा टोपली, पुन्हा रिक्षा. म्हणजे झालेलं सगळं शून्यावर. पण गेले असते मी. टोपली दाराशी काढूनच ठेवली होती.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, “फरशी कशाने पुसता?” आईने पाहुणी येणार म्हणून आदल्याच दिवशी घरभर फिनाईल मारलं होतं. फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला धड निकामी करता येत नाहीत. त्यासाठी लागणारं एन्झाइमच त्याच्याकडे नीट काम करत नाही. मांजर फरशीवरून चालतं, मग पाय चाटतं, आणि फिनाईल पोटात जातं. याच कारणाने पॅरासिटामॉल हे मांजराला विष आहे. हॉस्टेलच्या मागे मांजरांना खाऊ घालणारे बरेच जण मला माहीत आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते : मांजर तापलेलं वाटलं म्हणून आपल्या डब्यातली गोळी अर्धी करून देऊ नका. एका गोळीने मांजर मरतं. त्या दिवसापासून आमची फरशी साध्या पाण्याने पुसली जाते आणि आई अधूनमधून त्याबद्दल बोलून दाखवते.

त्या रात्री मी टेबलावर जर्नल पूर्ण करत बसले होते. ताटलीत मुद्दाम कोमट करून ठेवलेलं मांजराचं खाणं होतं. कोमट केलं की वास सुटतो. कपाटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. अडीच वाजता स्टीलची ताटली फरशीवर सरकल्याचा आवाज आला. किर्र. मग पुन्हा किर्र. मी मान वळवली नाही. दोन आकृत्या अख्ख्या काढून होईपर्यंत तशीच बसून होते, मानेला रग लागली. सकाळी ताटली चाटूनपुसून लख्ख होती आणि मनी कपाटामागे नव्हती. खोक्यात होती. पातळावर.

प्राणी दत्तक देणारे लोक तीन-तीन-तीन असा एक ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घराची शिस्त कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. मनीने तो हिशेब मोडला नसता, पण मध्ये ढोल आला. कर्वेनगरला राहणाऱ्यांना माहीत आहे, गणपतीच्या दोन महिने आधीपासून नदीकाठी पथकांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी पहिला टोल पडला आणि इतक्या दिवसांत टेबलापर्यंत यायला लागलेली मनी थेट कपाटामागे! ढोल बंद करणं आपल्या हातात नाही (आणि खरं सांगू, मला ढोल आवडतो). मग मी तिच्या जेवणाची वेळ बदलली. सराव सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जेवण, खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि मी खोलीत. रोज तेच, तसंच. तिसऱ्या आठवड्यात ढोल सुरू झाला तेव्हा तिने फक्त एक कान तिकडे वळवला.

तिच्याशी बोलायचं कसं, हा एक प्रश्न होता. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे लाड करायचे म्हटलं की तोंडातून इंग्रजीच निघतं. ‘कम हिअर, स्वीटी’ वगैरे. नाव बदलून ‘क्लिओ’ ठेवायचंही माझ्या मनात होतं. आजी म्हणाली, “अगं, चार वर्षं ती मराठी ऐकत आलीये. तिला काय कळणार तुझं कमहिअर?” आजी थट्टेत बोलली, पण बरोबर बोलली. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलंय, की पाळीव मांजरांना स्वतःचं नाव इतर शब्दांतून ओळखू येतं, अगदी अनोळखी आवाजात हाक मारली तरी. सगळंच नवं असताना निदान नाव तरी जुनं राहू द्यावं. क्लिओ रद्द. मग मी माईंसारखं ‘ये गं मने, ये गं बाई’ म्हणायचा सराव केला. मैत्रिणी फोनवर ऐकून हसायच्या.

आणि डोळे. मांजराकडे टक लावून बघणं म्हणजे त्याच्या भाषेत धमकी. त्याउलट सावकाश डोळे बारीक करायचे, मिटायचे, उघडायचे. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये तपासून पाहिलं, असं केलं की मांजरंही उलट तसंच करतात आणि अनोळखी माणसाच्या जवळ यायला जास्त तयार होतात. मी रोज रात्री मनीकडे बघून डोळे मिचकावत बसायचे. अकराव्या दिवशी तिने मिचकावले. मला एम-थ्री सुटल्यावरसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

बाबांचं मत मात्र बदलेना. “मांजराचं काही खरं नाही, एकाची दहा होतात,” असं म्हणून ते हडपसरच्या बातमीचा दाखला द्यायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर मांजरं असल्याचं उघड झालं होतं, ते पुण्यात सगळ्यांना आठवत असेल. मी म्हटलं, बाबा, माईंनी तिचं ऑपरेशन केव्हाच करून घेतलंय. महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली, त्यासाठी रेबीजची लस लागते, ती देऊ आणि रीतसर नोंदवू. कागदोपत्री व्यवहार म्हटल्यावर बाबा जरा नरमले. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर बाबा हॉलमध्ये पेपर मांडीवर ठेवून बसले होते आणि समोर मनी. बाबा डोळे मिचकावत होते. मी काही न बोलता परत गेले.

गौरी जेवल्या त्या दिवशी माई हळदीकुंकवाला आल्या. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. मला आतून धाकधूक, मनी आता त्यांच्या पायात घुटमळेल, ओरडेल, परत जायचं म्हणेल. गर्दी ओसरल्यावर त्यांना माझ्या खोलीत नेलं. मनी आली. साडीच्या काठाचा बराच वेळ वास घेतला, गाल घासला, मांडीवर चढून बसली. माई काही बोलल्या नाहीत, नुसत्या तिच्या कपाळावरून बोट फिरवत राहिल्या. दहाएक मिनिटांनी मनी उतरली, आळस दिला आणि माझ्या टेबलाखाली जाऊन झोपली.

“बरं झालं,” माई म्हणाल्या. आणि डोळ्याला पदर लावून लगेच कामाचं विचारायला लागल्या. “दूध देता ना गं तिला?”

नाही म्हटल्यावर त्यांना पटेना. मोठ्या मांजराला दूध पचत नाही हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, “चार वर्षं काय मग हवा पचवत होती?” शेवटी खाण्याचं पाकीट आणून दाखवलं. माईंनी चष्मा लावला, पाकीट उलटसुलट केलं आणि मागची किंमत वाचली.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “एवढ्यात आमच्या वाड्याचं अख्ख्या वर्षाचं भाडं भागायचं!”