रेड कीं व्हाइट?

कांहीं वस्तूंची ओळख आपल्याला चवीच्या आधीं नांवानें होते. इंग्रजी शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या बाबतींत वाइन ही तशीच वस्तु आहे. क्लॅरेट, बर्गंडी, पोर्ट हीं नांवें कादंबऱ्यांतून इतक्या वेळां भेटलेलीं असतात कीं, तीं पिण्याच्या पदार्थांचीं आहेत याचाच विसर पडावा. नाइटिंगेल पक्ष्यावरील कीट्सचें १८१९ सालचें काव्य मीं नांदेडच्या वर्गांत कित्येक वर्षें शिकविलें. काव्यांत जमिनीच्या पोटांत गार झालेली वाइन, आणि खिडकीबाहेर मार्चचें ऊन! ऐकणारांनीं ती पाहिली नव्हती. शिकविणारानें तरी कोठें चाखली होती?

आमच्या गांवांत पिण्याला जागा नाहीं असें नव्हे. तिला 'परमिट रूम' म्हणतात. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें पिणाराला परवाना घ्यावयास लावला, त्याची खूण या नांवांत आहे. काळ्या कांचा, मंद दिवे, आणि आंत बहुतेक सारे पुरुष. गृहस्थ मान खालीं घालून शिरतो आणि तसाच बाहेर पडतो. गंमत अशी कीं, ज्या गोदावरीच्या कांठीं नांदेड वसलें आहे, तिच्याच उगमाकडील नाशिक जिल्ह्यांत देशांतील बरीचशी वाइन होते. द्राक्षांच्या वाइनला उत्तेजन देणारें धोरण राज्य सरकारनें २००१ सालीं आणलें. नदी तीच, पण वरच्या अंगाला जो शेतमालाचा धंदा, तो खालच्या अंगाला कुजबुजीचा विषय!

गेल्या वर्षीं पुण्यास मुलीनें आम्हां दोघांना एका उपाहारगृहांत नेलें. प्रत्येक शहरांत तेंच नांव, तेच बाक आणि तीच पदार्थांची यादी, अशा साखळीपैकीं तें एक. यादीच्या शेवटच्या पानावर पांच-सहा वाइन, प्रत्येकीपुढें किंमत आणि १५० मिलिलिटर हें माप. मुलीनें सहज विचारलें, "बाबा, तुम्ही काय घेणार?" सौभाग्यवतींनीं पाण्याचा पेला उचलला आणि माझ्याकडे न पाहिल्यासारखें करून पाहिलें. मी सांगूं लागलों कीं, कौटिल्यानें द्राक्षांच्या मद्याला 'मधु' म्हटलें असून, कापिशायन व हारहूरक हे त्याचे प्रकार प्रदेशांच्या नांवांनीं ओळखले जात; बर्गंडीचें नांव पडलें तेंहि याच रीतीनें. वेटरनें सारें अदबीनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "सर, रेड कीं व्हाइट?"

"रेड," मी म्हणालों. मुलीनेंहि तीच मागविली.

त्या एका शब्दाला जेवढें बळ लागलें, तेवढें माझ्या पहिल्या व्याख्यानालाहि लागलें नव्हतें. चव जांभळासारखी तुरट होती. पेला मात्र एकच झाला. मुलीसमोर दुसरा मागविणें मला जमलें नसतें, आणि माझ्यासमोर तिलाहि. काळ्या कांचेआड पेले मोजणारें घरचें कोणी नसतें. उजेडांत साऱ्यांचे डोळे मोजतात.

पण हें लिहितांना आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाई डोळ्यांपुढें उभ्या राहतात. त्यांचा महिन्याचा पगार घरीं पोंचण्याआधींच नवऱ्याच्या बाटलींत जातो. माझें हें उजेडाचें तत्त्वज्ञान ऐकून त्या हंसतील, आणि तें हंसणें मला सोसावें लागेल. महाराष्ट्रांत ठिकठिकाणच्या स्त्रियांनीं 'आडव्या बाटली'ला मतें देऊन दारूचीं दुकानें बंद पाडलीं. त्यांचें चुकलें असें मी कोणत्या तोंडानें म्हणूं?

मला वाटतें, त्यांचें भांडण आणि माझ्या मुलीचा प्रश्न हीं दोन्हीं एकाच अंधाराविरुद्ध आहेत. घराच्या पैशानें, घराला न विचारतां, घरापासून तोंड लपवून पुरुषानें प्यावें, हा तो अंधार. "तुम्ही काय घेणार?" हें ज्या घरांत मुलगी बापाला मोकळेपणानें विचारूं शकते, तेथें "कांहीं नको" असें उत्तर आलें तरी प्रश्न वायां गेला असें होत नाहीं.