तोबरा

घोड्याच्या खाण्याचे मराठी शब्द मोठे दिलदार. चंदी, वैरण, तोबरा! सारे घालण्याचे, भरण्याचे. हात आखडण्याचा शब्द त्यांत नाही.

इंग्लंडातल्या माझ्या भाचीच्या मुलीजवळ एक शेटलंड तट्टू आहे. उत्तरेच्या थंड, वादळी बेटांवर निकस गवतावर तगलेली ही जात. थोडके खावे आणि तेच अंगावर साठवावे, ही तिची पिढीजात विद्या. हिरव्यागार, साखरेने भरलेल्या कुरणात ही विद्याच वैरीण होते. रक्तात इन्शुलिन वाढते आणि पायाचे हाड खुराच्या भिंतीशी जोडणारे नाजूक पापुद्रे सैल पडतात. मग जनावर पाऊल टाकीनासे होते.

“मामा, एक पूड मागवलीय,” भाची फोनवर म्हणाली. पुडीत मॅग्नेशियम आणि क्रोमियम. पण त्यांनी घोड्याचे इन्शुलिन उतरते याला भक्कम पुरावा नाही. डॉक्टरांचा उपाय रुक्ष होता: कुरण बंद, गाजरे बंद, वाळले गवत पाण्यात भिजवून, त्यातली साखर काढून द्यायचे, तेही तोलून, वजनाच्या शंभर भागांना दीड भाग. भिजवताना क्षारही निघून जातात. तेवढ्या भरपाईपुरती क्षारांची साधी पूड हवी. खूर बरे झाले की रोज फिरवायचे.

मला माझी आई आठवली. वडिलांना मधुमेह. जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याचा रस ती रोज निष्ठेने पुढे करी, आणि दिवाळीत हळूच, “एकानं काय होतंय?” म्हणून बेसनाचा लाडूही. वडिलांच्या पायाचा अंगठा कापावा लागला, तेव्हाही पुडीचा डबा भरलेलाच होता. आईची माया उणी नव्हती. तिला देता येत होते. नाही म्हणता येत नव्हते, इतकेच.

पुड्या खपतात त्या यामुळेच. गुण येवो न येवो, देणाऱ्या हाताला काम मिळते. नकार कोणी डब्यात भरून विकत नाही. तो घरच्याच माणसाला, समोरच्या आशाळभूत डोळ्यांकडे पाहत द्यावा लागतो.

भाचीची आठ वर्षांची पोर दोन दिवस रडली. आता गाजराच्या वेळेला ती खरारा घेऊन जाते. तट्टू अजून लंगडते. पण पाठीवरून खरारा फिरू लागला की मान खाली घालून स्वस्थ उभे राहते म्हणे.